कोकोला रोग लावणारे परब सर

माझ्या आईचा गुडघा दुखायला लागला तेव्हा परब सर तिला बघायला आले होते. खुर्चीच्या कडेवर टेकले, चहा नको म्हणाले आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं त्यांनी विचारलं, "सुरुवात कुठून झाली? देठाकडून की टोकाकडून?"

आई साताऱ्याकडची. तिला वाटलं, मुंबईचे डॉक्टर असंच विचारत असतील. तिनं जरा आठवून सांगितलं, "देठाकडनंच म्हनायचं."

"मग पाणी साठतंय," सर म्हणाले. "टोकाकडून असतं तर मातीतून आलं म्हटलं असतं."

ते गेल्यावर आई मला म्हणाली, "गुनाचा डाक्टर हाय. हात न्हाई लावला, पर रोग वळखला." ते डॉक्टर नाहीत, कॉलेजात झाडांबद्दल शिकवतात आणि माणसाच्या गुडघ्यातलं त्यांना काही म्हणजे काही कळत नाही, हे मी तिला अनेकदा समजावलं. ती प्रत्येक वेळी "बरं बरं" म्हणायची आणि पुढच्या दुखण्याला पुन्हा त्यांनाच बोलवायची.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी नवीन झाली होती. तळमजल्यावर एका दाराआड मी आणि आई, समोरच्या दाराआड परब सर आणि नलूवहिनी. मी घाटकोपरला बँकेत होते. सर जवळच्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मूळचे सावंतवाडीकडचे. एरवी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायचे, पण चिडले की थेट मालवणीत उतरायचे. आणि ते माणसांवर कधी चिडत नसत.

उंच, सडसडीत, मान पुढे काढून चालणारे. बुशशर्टच्या खिशात इतरांचं पेन असतं तिथे त्यांचा बारीक रंगाचा ब्रश. दारात चपलांचे दोन जोड. एकावर पांढऱ्या रंगानं 'नि' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'रो'. निरोगी झाडाकडे जाताना 'नि' घालायची, रोगी झाडाकडे जाताना 'रो'. "बुरशी पायांनी चालते," असं ते सांगायचे. "आपल्याच पायांनी."

एकदा आमचे सेक्रेटरी सुर्वे त्यांच्याकडे पाण्याच्या टाकीबद्दल काही बोलायला आले आणि घाईत सरांची 'रो' चप्पल घालून थेट ठाण्याला भाचीच्या साखरपुड्याला गेले. सरांना कळलं तेव्हा ते रिक्षा करून मागोमाग ठाण्याला पोचले आणि भर समारंभात सुर्व्यांच्या पायातून चप्पल काढून घेऊन आले. वहिनी म्हणाल्या, "अहो, तिथे कुठे झाडं आली?" तर म्हणाले, "हॉलच्या दारात कुंड्या होत्या. क्रोटनच्या." सुर्वे अनवाणी परतले. तेव्हापासून त्यांच्या मनात सरांबद्दल एक गाठ बसली ती बसलीच.

सरांच्या डोक्यात कोको शिरला तो केरळातल्या एका चर्चासत्रात. नारळ-पोफळीच्या सावलीत लावलेली कोकोची झाडं त्यांनी तिथे पहिल्यांदा पाहिली. पावसाळ्यात या झाडांच्या फळांवर एक तपकिरी ठिपका उठतो, पसरत जातो आणि बघता बघता सगळं फळ काळं होऊन कुजतं. सरांना प्रश्न पडला, की फळ वाढत असताना हा रोग नेमका कुठल्या वयात त्याला चटकन धरतो? अगदी तान्हं असताना, मधल्या वयात, की पिकायला आल्यावर? बाकीची मंडळी जेवायला गेली, सर बागेतच राहिले. परत आले ते ओल्या गोणपाटात गुंडाळलेली चार रोपं मांडीवर घेऊन.

आमच्या इमारतीच्या मागे, भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये एक सावलीची पट्टी होती. तिथे आधीपासून नारळाची झाडं होती. ती जागा मागायला सर सोसायटीच्या सभेत उभे राहिले. सुर्वे भांडुपच्या एका कारखान्यात फोरमन. सोसायटीही ते कारखान्यासारखीच चालवायचे.

"सर, झाड कसलं?"

"कोको."

"म्हणजे फळ काय येणार?"

सर जरा अडखळले. "म्हणजे... ज्याचं चॉकलेट करतात ते."

चॉकलेट हा शब्द निघाल्यावर पुढचं कोणी ऐकलं नाही. सगळ्यांचे हात वर गेले. माझ्या आईचाही गेला, ती सभासद नसताना.

"किती वर्षांनी मिळेल चॉकलेट?" सुर्व्यांनी विचारलं.

"तीनेक वर्षांत फळं धरतील," सर म्हणाले, "आणि मग नशिबात असेल तर रोग येईल."

लोकांना वाटलं, सर विनयानं बोलतायत.

झाडं वाढली. सर रोज सकाळी 'नि' चप्पल घालून त्यांच्याकडे जायचे आणि पानापानाची विचारपूस करायचे. फुलं आली ती फांद्यांना नाही, थेट खोडाला. बायकांनी नाकं मुरडली. इवलीशी फुलं, तीही खोडाला चिकटलेली! चॉकलेटच्या झाडाकडून ही अपेक्षा नव्हती. त्या फुलांना फळ धरायचं तर एक विशिष्ट चिलट लागतं, आणि ते चिलट खाली कुजलेल्या पाल्यात वाढतं. म्हणून सरांनी मागची झाडलोट बंद करायला लावली. पाला साठला. ओल धरली. चिलटं आली आणि चिलटांबरोबर डासही आले.

मग एके दिवशी संध्याकाळी पालिकेचा धूरवाला आला. खांद्याला यंत्र लावून तो मागे वळला तर सर छत्री उघडून वाटेत उभे.

"काका, बाजूला व्हा ना. डास मारायचेत."

"डास मार रे! खुशाल मार! पण माझ्या चिलटांना हात लावायचा नाही."

"ओ काका, धुराला काय कळतंय डास कुठला नि चिलट कुठलं?"

"म्हणूनच म्हणतो, धुराला समोर पाठव. समोर चिलटं नाहीत."

मी गॅलरीतून बघत होते. त्या माणसानं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा छत्रीकडे, आणि गुमान पुढच्या अंगणात जाऊन धूर सोडला. त्या पावसाळ्यात इमारतीच्या मागच्या बाजूच्या घरांत डासांची चंगळ झाली आणि सुर्वे मलेरियानं आडवे झाले. सर मोसंबी घेऊन त्यांना बघायला गेले. थंडी वाजून थरथरणाऱ्या सुर्व्यांना त्यांनी तोच देठाकडून की टोकाकडूनचा प्रश्न विचारला. सुर्व्यांनी पांघरुणातून हात काढून दाराकडे बोट दाखवलं.

पण फळं धरली. करंगळीएवढी हिरवी फळं खोडाला लटकली. सरांनी वहिनींची विणकामाची लोकर पळवली आणि वयाप्रमाणे एकेका फळाच्या देठाला वेगळ्या रंगाचा धागा बांधला. सोबत कागदाचा तुकडा: बालवाडी, प्राथमिक, हायस्कूल, कॉलेज, पेन्शन. शिकवण्याच्या पेशातल्या माणसाला सुचेल अशीच ती वर्गवारी होती.

बालवाडीतली पुष्कळ फळं आपोआप सुकली. काळी पडून तशीच खोडाला चिकटून राहिली. मी हळहळले तर सर म्हणाले, "छे, छे, हा रोग नव्हे. झाडाला एवढी पोसवत नाहीत, म्हणून ते काहींचं पाणी तोडतं. तो घरचा मामला झाला. मला बाहेरून येणाऱ्या मरणाशी कर्तव्य आहे." ही दोन मरणं एकमेकांसारखीच दिसतात, आणि ती वेगळी ओळखता येणं हीच खरी विद्या, असं ते मानायचे. एक सुकलेलं फळ माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी विचारलं होतं, "सांग शारदा, घरचं की बाहेरचं?" मी "बाहेरचं" म्हटलं. ते इतके निराश झाले, की मी पुन्हा कधी उत्तर दिलं नाही.

मग खरा रोग आला आणि सरांचा चेहरा उजळला. सोसायटीत मात्र सुतकी कळा पसरली. तीन वर्षं वाट बघून चॉकलेट आलं होतं आणि ते डोळ्यांदेखत कुजत होतं. लोकांना वाटलं सर आता औषध मारतील. सरांनी कुजकी फळं कुस्करून पाण्यात कालवली, ते पाणी बाटलीत भरून थंड व्हायला फ्रिजमध्ये ठेवलं, आणि मग खिशातल्या ब्रशनं त्याचा एकेक थेंब धडधाकट फळांवर लावत सुटले.

"सर, हे काय करताय?" सुर्वे धावत आले.

"रोग लावतोय."

"आपण होऊन?"

"मग कसं कळणार कुठल्या वयाला धरतो ते?"

सुर्वे माझ्याकडे वळून म्हणाले, "कांबळेबाई, तुम्ही बँकेत आहात, तुम्हीच सांगा, हा माणूस ठीक आहे का?" बँकेचा आणि याचा काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही.

झाडावरच्या फळांना ऊन-वारा लागतो, निष्कर्ष पक्का निघत नाही, म्हणून सर काही फळं तोडून घरात आणायला लागले. त्यांना दमट, काळोखी जागा हवी होती. अशी जागा घरात एकच, न्हाणीघर. ओल्या कापसावर फळं, फळांवर प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांना लोकरीच्या गाठी. बघता बघता बादली ठेवायलाही जागा उरली नाही. नलूवहिनी टॉवेल आणि साबण घेऊन आमच्याकडे आंघोळीला यायला लागल्या.

"आमच्याकडे शाळा भरली आहे गं," त्या म्हणायच्या. "पहिली बॅच पास झाली की मोरी रिकामी होईल, असं म्हणालेत."

रागावलेल्या कधी दिसल्या नाहीत. फ्रिजमधली ती बाटली एका पाहुण्यानं सोलकढी समजून उचलली, तेव्हा तेवढ्या जरा जोरात ओरडल्या होत्या. पुढे बाटलीला काळी लोकर बांधली गेली.

हळूहळू सरांना उत्तर दिसायला लागलं. निदान त्यांच्या झाडांपुरतं. तान्ही फळं पटकन जायची. मधल्या वयातली, साल घट्ट झालेली, चिवटपणे तग धरायची. आणि पिकायला आली, अंगाला पिवळेपणा आला, की पुन्हा मऊ पडायची आणि रोगाला दार उघडायची. एवढं सांगताना सर हवेत एक टेकडी काढायचे, चढण आणि उतार. पण ही टेकडी पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या झाडाची. तिसरं झाड ऐकेना. त्याच्या बालवाडीवर रोगाचं पाणी लावा, हायस्कूलवर लावा, पेन्शनवर लावा, ठिपका उठायचाच नाही. तोडून न्हाणीघरात ठेवलेली त्याची फळंही हिरवीगार राहायची. एक पावसाळा गेला, दुसरा आला, तिसरं झाड धडधाकट.

त्यांना आधी राग आला, मग शंका आली, आणि मग त्यांनी एक आशा धरली, जी ते कोणाला सांगत नव्हते. फक्त एकदा, आईला झंडू बाम द्यायला आले असताना मला म्हणाले, "शारदा, एखादं झाड जन्मतःच असं असतं. त्याच्या डोळ्यांची कलमं केली तर किती बागा वाचतील, कल्पना कर." मग लगेच, "पण आधी मला त्याला मारून बघायला हवं. नीट. सगळ्या बाजूंनी."

त्या ऑगस्टातल्या रविवारी दुपारी ते हेच करत होते. पाऊस नुकता थांबला होता. मी बाजारात गेले होते. सर तिसऱ्या झाडाखाली, पानांच्या इतक्या दाटीत, की वरच्या कोणालाही दिसत नव्हते. दिसत नव्हते, पण ऐकू येत होते.

"मर गो बाये! मर एकदा! किती अंत बघतलंस माझो? बाकीची सगळी मेली, तू तेवढी मरूक नाय!"

वरच्या मजल्यांवरच्या बायका हातातली कामं टाकून खाली धावल्या. त्यांनी सरांचं दार ठोठावलं. वहिनींना हाका मारल्या. आतून उत्तर नाही. कारण वहिनी समोरच आमच्या न्हाणीघरात शिकेकाईनं केस धूत होत्या, आणि आई त्यांना बाहेरून साताऱ्याच्या कुठल्याशा लग्नाची हकिगत मोठमोठ्यानं सांगत होती. कोणीतरी चौकीवर फोन केला.

मी भाजीच्या पिशव्या घेऊन परतले तर जिन्यापाशी ही गर्दी आणि पुढे एक हवालदार. सरांचं दार नुसतं लोटलेलं निघालं. हवालदार आत शिरले, वास आला तसे नाकाला रुमाल लावून न्हाणीघराकडे गेले आणि त्यांनी दार उघडलं. अंधारात, ओल्या फरशीवर, प्लास्टिकमध्ये बांधलेलं काहीतरी काळं, फुगलेलं, रांगेनं ठेवलेलं. त्यांनी वाकून एक चिठ्ठी वाचली. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता.

"ही... हायस्कूलची कोण?" त्यांनी विचारलं.

एवढ्यात सर आले. 'रो' चपला, चिखल, हातात ब्रश. गर्दी त्यांनी पाहिलीच नाही. "न्हाणीघराचं दार कोणी उघडलं? वारा लागला ना सगळ्यांना!"

"बाई कुठे आहेत?" हवालदार म्हणाले.

"कुठल्या बाई?"

"तुमच्या."

सरांनी खरोखर विचार केला. "घरात असेल."

"घरात नाहीत."

"मग समोर, शारदाकडे. आंघोळीला."

"स्वतःचं न्हाणीघर असताना?"

"तिथे फळं आहेत ना हो!" सर कळवळून म्हणाले.

आमचं दार उघडलं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या नलूवहिनी बाहेर आल्या आणि एवढी माणसं बघून घाबरल्या. "काय झालं? कोण गेलं?"

हवालदारांनी रुमाल खिशात ठेवला. "मग 'मर, मर' म्हणून ओरडत कोणाला होतात?"

"झाडाला."

"कशाला?"

"ते मरत नाही म्हणून."

हवालदार टोपी नीट करत म्हणाले, "साहेब, कोणी मरत नाही, अशी तक्रार आमच्याकडे घेत नाहीत."

पोलीस दारात आल्यावर सुर्व्यांना हवं ते कारण मिळालं. फलकावर सूचना लागली: मागची रोगट झाडं काढून तिथे स्कूटरची शेड. सर सुर्व्यांच्या घरी गेले, तिसऱ्या झाडाबद्दल काही सांगू लागले. सुर्वे म्हणाले, "सर, एक सांगा. चॉकलेट कुठंय? सभेत कबूल केलं होतं. तुम्ही सगळ्या फळांना रोग लावून ठेवलात. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला चॉकलेट दाखवा, मग बोलू."

सर घरी येऊन डोकं धरून बसले. "नलू, मी रोगाचा माणूस. धडधाकट फळाचं पुढे काय करतात, मला ठाऊक नाही."

ते काम नलूवहिनींनी आणि आईनं केलं. तिसऱ्या झाडाची पिकलेली फळं फोडली, आतल्या पांढऱ्या गरातल्या बिया केळीच्या पानात दाबून आंबवल्या, गच्चीवर सांडग्यांशेजारी वाळवल्या, कढईत भाजल्या आणि पाट्यावर वाटल्या. साखर घातली, दुधाची पावडर घातली. तरी ते काळं पीठ घट्ट होईना, म्हणून आईनं डिंक घातला. लाडू वळले.

झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं आणि गच्चीवर प्रत्येकाच्या हातात एक लाडू पडला. अशी शांतता आमच्या सोसायटीत एरवी कधी नसे. लाडू कडू होता, कचकचत होता, आणि डिंकामुळे जबडे उघडत नव्हते. एकदा तोंडात गेल्यावर माघार नव्हती. सर एकटे समाधानानं चावत होते. अखेर सुर्व्यांचा जबडा सुटला. "चॉकलेट नाही म्हणता येणार नाही," ते म्हणाले. न्यायी माणूस. "पण झाडं रोगट आहेत, हेही खरं. बोला सर."

सर उभे राहिले. "पहिलं, दुसरं आणि चौथं झाड काढा. त्यांच्याकडून मला कळायचं ते कळलं. तिसरं ठेवा." आणि मग त्यांनी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, लोकांना समजेल असं सांगितलं. या झाडाला त्यांनी प्रत्येक वयात, प्रत्येक बाजूनं रोग लावून पाहिला आणि तो लागत नाही. असं झाड शोधायला माणसं जंगलं पालथी घालतात. केरळातल्या बागेची माणसं जूनमध्ये त्याच्या फांद्या न्यायला यायची आहेत. त्यावरून कलमं झाली, तर पावसात ज्यांची फळं काळी होतात त्यांच्या घरात उजेड पडेल.

कोणी हसलं नाही. सुर्वेसुद्धा खाली बघत म्हणाले, "मग हे आधी सांगायचं होतं सर. ठेवू की."

तेवढ्यात मागून सुर्व्यांची आई बोलली. तिला सगळे आये म्हणत. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी तिसऱ्या झाडावर उघडायची.

"तेका काय होतला?" आये अभिमानानं म्हणाली. "दर पावसात मी दवा मारतंय तेका."

"कसली दवा, आये?" सरांनी विचारलं.

"मोरचूद नि चुनो. माझ्या बापाशीची पोफळीची बाग होती. पावसाच्या तोंडार पोफळीक मारीत, तसोच. खिडकीतसून डासांच्या पंपान. खिडकीसमोर पोरां मरतत ती मी बघत रवू?"

कोणाला काही वावगं वाटलं नाही. उलट दोघी-तिघींनी माना डोलावल्या. मोरचूद-चुना हेच या रोगावरचं जुनं औषध, आणि औषध अंगावर असलेल्या फळाला रोग लागत नाही, एवढं त्या गच्चीवर फक्त एका माणसाला कळत होतं.

"निळसर डाग होते," सर हळू म्हणाले. "मी समजलो, भिंतीच्या रंगाचे शिंतोडे." ते खाली बसले. वहिनींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. सरांना गप्प राहता आलं असतं. झाड वाचलं होतं, सभा जिंकली होती, जूनमध्ये माणसं येणार होती.

ते पुन्हा उभे राहिले. "मग तिसरंही तोडा."

"का?" सुर्वे चक्रावले.

"ते वेगळं नाही. बाकीच्यांसारखंच आहे. आयेनं वाचवलं म्हणून वाचलं."

"कोण तोडता तां बघतंय मी!" आये उसळली. "दोन वर्सां जपलंय तेका! ह्यो रोग लावता, मी दवा लावतंय. ह्यो रोग लावता, मी दवा लावतंय. आणि आता तोडा?"

"आये, तू गप," सुर्वे म्हणाले. आयेनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. सुर्वे गप झाले.

मग असा ठराव झाला, की तीन झाडं काढावीत, तिसरं ठेवावं, आणि परब सरांनी त्याला रोग लावू नये. झाड तोडण्याच्या बाजूनं एकच हात वर होता, तो सरांचा. त्याच दिवशी ते स्टेशनजवळच्या फोनवर गेले आणि येऊ नका म्हणून केरळात सांगून आले. सोबत मी होते. "चूक माझी. फळावर औषध होतं, मला दिसलं नाही," एवढंच ओरडून बोलले, कारण लाइन खराब होती. पलीकडच्याला ऐकू येईना, म्हणून हे त्यांना तीनदा ओरडावं लागलं. रांगेतली माणसं बघत होती.

त्यानंतर बरेच दिवस त्यांनी कोणाच्या दुखण्याची चौकशी केली नाही. न्हाणीघर रिकामं झालं, तरी वहिनी काही दिवस सवयीनं आमच्याकडेच येत राहिल्या. स्कूटरची शेड उभी राहिली. तिच्या पत्र्यावर तिसरं झाड टेकलं आणि आणखीच फोफावलं.

पुढच्या पावसात सर आयेच्या खिडकीखाली जाऊन उभे राहायला लागले. आये भांडी घासायची आणि वाकून बघायची. अखेर तिलाच राहवलं नाही.

"एक देतंय," ती म्हणाली. "वर्साक एक. पण हंयसर मारूचा नाय. आणि धोतरात-बितरात लपवन न्हेवा, झाडाक दिसता नये."

सर धोतर नेसत नसत. बुशशर्टाच्या आत फळ घालून, झाडाकडे पाठ करून निघाले. तिथून दर पावसाळ्यात एक फळ त्यांना मिळायचं. त्यावर आयेची दवा असायचीच. तिला एक तरी फळ दवेविना सोडा म्हणून सांगून सर थकले. "तेचीच काय चूक?" असं ती उलट विचारायची.

सर निवृत्त झाल्यावर ते दोघं बोरिवलीला गेले, वहिनींच्या बहिणीच्या शेजारी. सामान नेणारा टेम्पो आला त्या दिवशी आभाळ उघडलं होतं, चांगलं ऊन होतं. पुढे ड्रायव्हरशेजारी नलूवहिनी बसल्या. आईनं त्यांना बांधून दिलेला डबा त्यांच्या मांडीवर होता. मागे कपाट, गाद्या, कुंड्या. सर चढणार, एवढ्यात आये जिना उतरून खाली आली. सुनेचा हात धरून, एकेक पायरी. तिच्या पदरात झाडावरचं सगळ्यात मोठं फळ होतं, पिवळंजर्द.

"ह्यां घेवा," ती म्हणाली. "ह्येका मारा."

सरांनी ते दोन्ही हातांत घेतलं, उन्हात धरून फिरवलं. सालीच्या खाचांत निळसर डाग होते. ते तसेच बागेच्या नळाकडे गेले आणि आईला म्हणाले, "काथ्या आहे का? आणि साबण?"

आईनं काथ्या दिला. सर उकिडवे बसून फळ घासायला लागले. एकेक खाच, आत बोट घालून. सगळी सोसायटी भोवती उभी. आये बाजूला उभी राहून सांगत होती, "देठाकडे रवला हा. थंयसर घासा." ड्रायव्हरनं हॉर्न मारला. "ओ काका, चला ना, पुढं दुसरं भाडं आहे." सुर्वे त्याच्यावर खेकसले, "थांब रे! काम चाललंय दिसत नाही?" आणि स्वतः नळाची तोटी धरून उभे राहिले, पाणी कमी-जास्त करत.

पुसायला मी रुमाल पुढे केला, तर सरांनी मान हलवली. रुमालावर काय असेल सांगता येत नाही. ओलं फळ तसंच घेऊन ते मागे चढले आणि गुंडाळलेल्या गादीवर बसले. टेम्पो निघाला. आम्ही हात हलवले. त्यांना हलवता येईना. त्यांनी फळ दोन्ही हातांनी डोक्याच्या वर, वाऱ्यात धरलं होतं. नवघर रोडला वळेपर्यंत कपाटाच्या मागून फक्त ते दोन लांब हात दिसत होते आणि त्यांत ते फळ. सगळ्या बाजूंनी सारखं वाळावं म्हणून ते त्याला हळूहळू फिरवत होते.